आमची वाटचाल : कात्रणांपासून क्लिपपर्यंत

२००३ च्या कुंभमेळ्याच्या वर्षी नाशिकरोडला एका खोलीत आम्ही कात्रणांचं काम सुरू केलं. पहाटे अंक आले की मी, बायको आणि धाकटा भाऊ ते चाळायचो, ग्राहकांच्या कामाच्या बातम्या कापून कागदावर चिकटवायचो आणि नऊच्या आत पोचत्या करायचो. द्राक्ष निर्यातदार, दोन-तीन बिल्डर, एक पतसंस्था, एवढेच ग्राहक.

२००७-०८ मध्ये मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या आणि फोनवरचं बोलणं बदललं. ‘पेपरचं ठीक आहे, पण काल रात्री टीव्हीवर काय दाखवलं?’ मग चार व्हीसीआर घेतले. तीन तासांची कॅसेट लाँग प्लेवर सहा तास चालायची. कॅसेट बदलायला भाऊ रात्री ऑफिसातच झोपायचा.

२०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. नाशिकच्या निर्यातदारांचं कंबरडं मोडणारा हंगाम होता तो. रोज रात्री त्यावर काही ना काही चालू असायचं, आणि आमच्या एका जुन्या ग्राहकाला त्यातला शब्दन् शब्द हवा होता. त्यातच एका संध्याकाळी वीज गेली ती लवकर आलीच नाही, इन्व्हर्टरची बॅटरीही उतरली. वीज आली तेव्हा चारही व्हीसीआरवर घड्याळाचे आकडे शून्यावर लुकलुकत होते. टायमर पुसला गेला होता. नेमकी त्याच रात्री त्या ग्राहकाची मुलाखत लागून गेली. सकाळी ते स्वतः ऑफिसात आले. रागावले नाहीत. ‘दादा, तुमच्या भरवशावर मी बघायचं सोडलं होतं,’ एवढंच म्हणाले. ते वाक्य मला आजही बोचतं.

त्या आठवड्यात ठरवलं, आता नीट यंत्र घ्यायचं. डीव्हीडी रेकॉर्डर पाहिला. चित्र सुरेख, पण नेहमीच्या दर्जाला एका डिस्कवर दोनच तास. कॉम्प्युटरला ट्यूनर कार्ड, म्हणजे टीव्हीची वाहिनी पकडणारं कार्ड, लावून पाहिलं. दोन वाहिन्या एकदम घेतल्या की मशीन दमायचं, फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गळायच्या आणि तासाभरात ओठ आणि आवाज यांची फारकत व्हायची.

शेवटी सीसीटीव्हीवाल्याच्या दुकानातला आठ चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे हार्ड डिस्कवर व्हिडिओ साठवणारं यंत्र, डोळ्यांत भरला. कॅमेरा काय नि ट्यूनर काय, दोन्हींकडून अॅनालॉग व्हिडिओच येतो. पण खोक्यावरचे आकडे नीट वाचायला आम्ही इथेच शिकलो. ‘२०० फ्रेम’ म्हणजे आठही वाहिन्यांना सेकंदाला २५, पण ३५२ बाय २८८ या लहान चित्रात. ७०४ बाय ५७६ चं पूर्ण चित्र मागितलं की फ्रेम पाव व्हायच्या. आम्ही दोन्ही नमुने शेजारी लावून बघितले. लहान चित्रात खालच्या पट्टीवरचे अनुस्वार आणि रफार पार विरघळले होते. कोणाचं नाव, कोणता गाव, काही कळेना. आमच्या धंद्यात ती पट्टी म्हणजे अर्धी बातमी.

दुसरी गोष्ट आवाजाची. आठ व्हिडिओ इनपुट असलेल्या डीव्हीआरला मागे आवाजाच्या चारच पिना, एकाला तर एकच. चोराचा आवाज कोणाला हवा असतो! आम्हाला मात्र आठही हवे होते. तिसरी, फाइल बाहेर काढली की ती कोणत्याही प्लेअरवर चालली पाहिजे. ग्राहकाला क्लिपसोबत सॉफ्टवेअर कुठे पाठवत बसणार? आणि चौथी, जी मी दुकानदाराला पहिली विचारली : वीज जाऊन आली की हे आपोआप रेकॉर्डिंगला लागतं का? त्याने ‘हो’ म्हटल्यावर मी काउंटरवरच प्लग ओढून खात्री केली. तीन दुकानं फिरल्यावर चारही अटींत बसणारं यंत्र मिळालं, महाग होतं. बायकोने तिची एफडी मोडली म्हणून घेता आलं.

हिशोब असा बसवला : वाहिनीमागे सेकंदाला दीड मेगाबिट, म्हणजे दिवसाला सुमारे १६ जीबी, आठ वाहिन्यांचे १३०. दोन टीबीच्या डिस्कमध्ये पंधरा दिवस मावायचे.

२०१३ मध्ये केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक आलं. ३१ मार्चची मुदत होती. सगळे म्हणाले, डीव्हीआर भंगारात जाणार. पण सेट-टॉप बॉक्सच्या मागे पिवळी-लाल-पांढरी पिन होतीच, तिथून अॅनालॉग चित्र मिळत राहिलं. अडचण वेगळीच निघाली. आठही बॉक्स एकाच रिमोटला हलायचे, म्हणून प्रत्येकाच्या रिमोटचा इशारा घेणाऱ्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली. शिवाय वीज आल्यावर डीव्हीआर लगेच सुरू व्हायचा, पण बॉक्स मात्र केबलवाल्याच्या जाहिरातींच्या चॅनेलवर जाऊन बसायचे. म्हणून त्या बॉक्सना वेगळा यूपीएस घेतला, मोठ्या बॅटरीचा. दर महिन्याच्या एक तारखेला भाऊ मेन स्विच पाडतो आणि घड्याळ लावून बसतो. आठही वाहिन्या जागच्या जागी दिसल्या की मग चहा सांगतो.