बंद डब्यात टोके येतात तरी कुठून?

गेल्या आठवड्यात आईने तांदळाचा डबा उघडला तर वरच टोके फिरत होते, एकदोन नाही, चांगले वीसपंचवीस. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, धुऊन पुसून उन्हात वाळवून भरलेला, त्यामुळे आईचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "अगं पण आत गेले कुठून?" आजीपण हेच म्हणायची. या वेळी म्हटलं नीट शोधून वाचायचंच.

तर ते डब्यात शिरत नाहीत, बऱ्याचदा दाण्याच्या आत बसूनच आपल्या घरी येतात. टोक्याला पुढे जी सोंड असते ना (म्हणूनच काही जण सोंडे म्हणतात) तिच्या अगदी टोकाला बारीक जबडे असतात. मादी त्यांनी तांदळाच्या दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट द्रव लावून भोक चक्क लिंपून टाकते. अशी एक मादी आयुष्यात ३०० च्या आसपास अंडी घालू शकते. आतल्या अळीला पाय नसतात, ती दाणा आतून पोखरत मोठी होते, कोषपण तिथेच, आणि गरम दमट हवा असेल तर साधारण महिन्याभरात पूर्ण वाढलेला किडा गोल भोक पाडून बाहेर. म्हणजे आपण तांदूळ निवडतो, पाखडतो, तेव्हा तो दाणा चांगल्या दाण्यासारखाच दिसतो. आई इतकी वर्षं समजत होती की आपलंच झाकण नीट लागलं नसणार. तिला हे सांगताना मला खरंच खूप बरं वाटलं.

आता आम्ही नवीन तांदूळ आणला की थोडा थोडा करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवतो, आतली अंडी अळ्या सगळं मरतं. आणि हो, टोके ताटात घेऊन बघा एकदा, हात लावला की पाय आखडून मेल्यासारखे पडून राहतात आणि जरा वेळाने हळूच चालायला लागतात.

मग कोण कुठून आलं हेच डोक्यात बसलं. ओट्याखाली ती छोटी फिकट तपकिरी झुरळं असतात बघा, मानेमागे दोन काळ्या पट्ट्या असलेली, त्यांना जर्मन झुरळ म्हणतात. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये जर्मनीवरून नाव दिलं ते तसंच राहिलं. पण २०२४ मध्ये १७ देशांतल्या २८१ झुरळांचे डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात तयार झाली आणि माणसांबरोबर, व्यापार आणि सैन्यांबरोबर पुढे जगभर गेली. म्हणजे पाहुणा समजत होतो तो इथलाच निघाला! यांच्यातल्या काहींना ग्लुकोज कडू लागतं हेही मला माहीत नव्हतं. गोड आमिषात विष घालून मारायला लागल्यावर ज्यांना मुळातच ग्लुकोज नको होतं तीच वाचली आणि त्यांचीच पिल्लं वाढली, त्यामुळे काही ठिकाणी ती आमिषं चालेनाशीच झाली.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते कुंभारणीने, म्हणजे त्या मातीचं घर बांधणाऱ्या माशीने. हॉलमधल्या न वापरलेल्या प्लगच्या वर तिने मातीचं घर केलंय. आजी सांगायची की कुंभारीण एक अळी आणून मातीत कोंडते आणि भोवती गुणगुणत राहते, अळी भीतीने सतत तिचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. कीर्तनात ऐकलेला भ्रमर-कीटक न्याय तो हाच, भागवतातही आहे. मागे साफसफाईत तिच्या एका जुन्या घराचा कोपरा फुटला होता, तेव्हा आत छोटे छोटे कोळी कोंबलेले दिसले, आणि ते मेलेले नव्हते, एखादा पाय मधूनच हलत होता. कुंभारीण नांगी मारून त्यांना लुळं करते, मारत नाही, म्हणजे ते ताजे राहतात, मग त्यांच्यावर एक अंडं घालून खोली बंद करते आणि अंड्यातून निघालेली अळी ते कोळी खाऊन वाढते. ही आमच्याकडची कोळी आणते, मडक्यासारखं गोल घर बांधणाऱ्या जाती अळ्या आणतात, आजीच्या गोष्टीतली तीच असणार. गुणगुणणंही खरं आहे, माती थापताना ती अंग थरथरवते त्याचा आवाज येतो, मी प्लगजवळ कान नेऊन ऐकलाय. ज्यांनी हा दृष्टांत पहिल्यांदा दिला त्यांनी किती जवळून बघितलं असेल! कोंडलेलं दिसलं, गुणगुण ऐकली, बाहेर कुंभारीण आली हेही बघितलं, फक्त मधलं ते अंडं तेवढं बंद मातीत राहिलं.

आईला ते घर काढायचं होतं, मी म्हटलं राहू दे, तो प्लग कोण वापरतंय. काल सकाळी केर काढताना तिनेच हाक मारली. मातीला एक गोल भोक पडलं होतं, आतून पाडलेलं, खाली भिंतीच्या कडेला थोडी भुकटी. आई म्हणाली, "तांदळाच्या दाण्याला पडतं तसंच आहे की गं हे."