नोकरी सांभाळून इंग्लंडमध्ये पार्ट-टाइम पदवी: फीचं कसं जमवलं

भारतातून बी.कॉम. होऊन आलेल्याला इंग्लंडमध्ये दुसऱ्या पदवीसाठी सरकारी कर्ज मिळत नाही, असं जो तो सांगत होता. खोटंही नाही ते. पदवी कुठल्याही देशातली असो, ती धरतातच. पण पार्ट-टाइम शिकणाऱ्यांना काही विषयांत या नियमातून सूट आहे आणि कॉम्प्युटिंग त्यात बसतं, हे युनिव्हर्सिटीच्या फी-सल्ला खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. तोवर माझा सगळा डोळा नवऱ्याच्या बोनसवर!

कोर्स सप्टेंबर 2023 चा. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, हातात होतं, इथे तीन वर्षं कधीच उलटली होती, त्यामुळे रहिवासाचा प्रश्न आला नाही. खरी मेख क्रेडिटची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजायच्या एककाची. पूर्णवेळवाले वर्षाला 120 क्रेडिट करतात. त्याच्या निदान 25 टक्के, म्हणजे 30 तरी दरवर्षी केली तरच कर्ज. घर आणि ऑफिस बघता 20 क्रेडिटचं एकच मॉड्यूल, म्हणजे एकच विषय, झेपेल असं वाटत होतं, पण मग एक पैसा मिळाला नसता. शेवटी 60 घेतली, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी गेल्या.

स्टुडंट फायनान्सचा, म्हणजे या सरकारी कर्जाचा, अर्ज ऑनलाइन होता, तो निमूट पार पडला. त्या वर्षी पार्ट-टाइमला फीसाठी जास्तीत जास्त 6,935 पौंड मिळत होते. नवऱ्याचा पगार विचारत नाहीत आणि रक्कम थेट युनिव्हर्सिटीकडे जाते. दमवलं ते प्रवेशाच्या कागदांनी. लग्नात माझं नावच बदललेलं. मार्कशीटवर माझं जुनं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर तिन्ही शब्द वेगळे. ही एकच बाई हे पटवायचं कसं? भावाने कपाट उपसून गॅझेटची प्रत शोधली, स्कॅन करून पाठवली, तेव्हा गाडी पुढे सरकली. असं नाव बदललेल्या बायकांनी गॅझेट हाताशी ठेवाच.

बाकी दारं ठोठावून पाहिली. मुलांच्या पाळणाघरासाठीचं अनुदान फक्त पूर्णवेळवाल्यांना. कौन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची, माफीही त्यांनाच. प्रत्यक्ष वर्गात जाणाऱ्या पार्ट-टाइमवाल्यांना 2018 पासून राहणीखर्चाचंही कर्ज असतं, पण त्यात घरचं उत्पन्न बघतात, आणि पगार चालू असताना ते डोक्यावर घ्यावंसं वाटलं नाही. ऑफिसने फी भरायची तयारी दाखवली होती. सोबत करार: कोर्स संपल्यावर दोन वर्षांत नोकरी सोडली तर सगळी रक्कम परत. त्यापेक्षा सरकारी कर्ज परवडलं.

कारण फेड पगाराच्या हिशोबाने असते. माझ्या प्लॅनमध्ये वर्षाला 25,000 पौंडांच्या वर जे मिळेल त्याच्या 9 टक्के. 29,000 पगार असेल तर वरच्या 4,000 वर 360, म्हणजे महिन्याला 30 पौंड, पगारातूनच कापले जातात. चाळीस वर्षांनी उरलेलं माफ. मात्र पार्ट-टाइमवाल्यांना शिक्षण संपेपर्यंत सवलत मिळेलच असं नाही. कोर्स लांबला तर सुरू झाल्यापासून चार वर्षांनंतरच्या एप्रिलपासून कपात लागते. साठ क्रेडिटच्या वेगाने माझी पदवी सहा वर्षांची, त्यामुळे शेवटच्या परीक्षा मी हप्ता भरतच देणार.