सगळ्यांची कंबर छत्तीस

माप देताना माणसाला दुसरं काही काम नसतं. दोन्ही हात जरा वर, नजर दुकानभर. ती फिरत फिरत कोपऱ्यातल्या स्टुलावर येते. तिथे आमची ठमी बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली असते. मग आवाज खाली येतो. "अण्णा, आधी कळलं नव्हतं का हो?"

ठमीला डाऊन सिंड्रोम आहे. सोळा वर्षं हा प्रश्न ऐकतोय. बहुतेक वेळा माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे नुसतं 'हं' करून सुटतो. काल एका भल्या गृहस्थांनी तोच विचारला आणि तोंड रिकामं होतं. तरी बोललो नाही. रात्रभर मात्र मनातल्या मनात उत्तर देत होतो, तेच लिहितो.

नव्हतं कळलं. २००९ साल, बायको चोवीस वर्षांची. सोनोग्राफी झाली, सगळं ठीक आहे म्हणाले, आम्ही कोरेगावला घरी आलो. ठमी आली ती दिवाळीच्या तोंडावर, दुकानात ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना. लोकांना वाटतं, अशी मुलं वय झालेल्या आयांनाच होतात. वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं, पण मुळात बाळंतपणं तरुण बायकांचीच जास्त. त्यामुळे यातली बरीचशी बाळं तरुण आयांच्याच पोटी येतात. हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

त्याआधी घरच्यांनी वेगळंच कारण शोधलं होतं. त्या वर्षी २२ जुलैला सकाळी सूर्यग्रहण होतं. बायकोला सहा महिने झालेले, आणि घर शिंप्याचं. कात्री लागली असणारच हाताला! मावशीने तर कुठल्या परकराचं कापड कापलं तेही सांगितलं. बायको महिनाभर कात्रीकडे बघायची नाही. मग पुण्याहून रिपोर्ट आला. त्यात फोटो होता. दोऱ्याचे बारीक तुकडे जोडीजोडीने मांडून ठेवावेत तशी गुणसूत्रं, आणि एकविसाव्या जागी दोनाऐवजी तीन. शेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जादा धागा दिवस राहिले तेव्हाच आलेला आहे, ग्रहणाच्या कितीतरी आधी. मी तो कागद मावशीसमोर धरला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, "मग त्याच्या आधीचं ग्रहण असेल."

हा जादा धागा १९५९ साली फ्रान्समध्ये सापडला. त्याच्या आधीच्या आयांनी काय काय ऐकून घेतलं असेल, देव जाणे. आता २१ मार्चला यांचा जागतिक दिवस असतो, एकविसाव्या जागी तीन म्हणून. ठमीला तो दिवस म्हणजे पेढे, एवढंच माहीत आहे.

पहिली दोन वर्षं कशी गेली ते फार सांगत नाही. अशा जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. ठमीच्या हृदयात बारीक छिद्र होतं, ते आपलं आपणच बुजलं. थायरॉइडची गोळी रोज अनशापोटी, ती अजून चालू आहे. अंग खळ गेलेल्या कापडासारखं. अडीच वर्षांची झाली तेव्हा चालली. एका शाळेने बाईंच्या गोड आवाजात नाही म्हटलं. झालं.

रेडिमेड कपडा तिला कधी बसला नाही. मान आखूड, हात आखूड, बाही नेहमी दीड-दोन इंच लोंबायची. त्यामुळे तिचं सगळं मीच शिवतो. पाच वर्षांची झाली तेव्हा तिला एक पट्टी शिवून दिली, पाच काजांची, समोर रुपयाएवढी बटणं. रोज अर्धा तास ती आणि ती पट्टी. बोटात जोर नाही, बटण काजापर्यंत जायचं आणि निसटायचं. चार वर्षं! मग श्रावणातल्या एका दुपारी पहिलं बटण गेलं. तिने ते काढलं, परत लावलं. परत काढलं. लग्नाची ऑर्डर अर्धवट टाकून मी बघत बसलो. पाचही लागल्यावर ती उठली, माझ्या शर्टाची सगळी बटणं सोडली आणि एक काज चुकवून पुन्हा लावली. त्या वाकड्या शर्टाने मी बँकेत जाऊन आलो. कुणी सांगायला लागलं तर मीच आधी सांगायचो, पोरीनं लावलीत.

आता ती दुकानात माप घेते. तिच्या जुन्या टेपवर छत्तीसपाशी शाई सांडलेली आहे, बोट बरोब्बर तिथे जातं आणि ती जोरात पुकारते, "छत्तीस!" आमच्या गिऱ्हाइकांत एक पाटील आहेत. त्यांची कंबर आमच्या दुकानात सहा वर्षं छत्तीसच आहे आणि ते दर दिवाळीला खूश होऊन जातात. आकडा लिहितानाही कधीकधी तिचं उलटं पडतं. मी दुरुस्त करत नाही. छत्तीसचा आकडा असण्यापेक्षा ते बरं.

"देवाची लेकरं, सदा हसरी" असंही म्हणतात लोक. त्यांनी ठमीचा रुसवा पाहिलेला नाही. एकदा तिच्या डब्यातलं लाल बटण न विचारता घेतलं, तर दोन दिवस मला "अन्ना" अशी हाक नाही. तिला ण अजून येत नाही, पण ती हाक नसली की दुकान ओसाड वाटतं.

राहिला प्रश्नाच्या पोटातला प्रश्न, जो कुणी मोठ्याने विचारत नाही. कळलं असतं तर? खरं सांगतो, २००९ सालच्या त्या माणसाने 'नको' म्हटलं असतं. भीतीनेच म्हटलं असतं. ज्यांना आधी कळलं आणि ज्यांनी तसं ठरवलं, त्यांच्याकडे मी बोट दाखवणार नाही, तो माणूस मला चांगला माहीत आहे. मला कळलं नाही हे माझं नशीब, आणि असं नशीब मी दुसऱ्या कुणाला फुशारकीने सांगू शकत नाही. आमच्यामागे तिचं कसं, ही काळजी आहेच. ती रात्री मशीन बंद केल्यावर येते. सकाळी शटर उघडायला मात्र ठमी माझ्या आधी उभी असते.

कालचे गृहस्थ शनिवारी ट्रायलला येतील. पँट मी बेचाळीसची कापली आहे. पावतीवर ठमीने स्वतः आकडा घातलाय, ६३.