पिशवीतले तात्या

वारीला निघताना पिशवीत काय घ्यावं, यावर आमच्या दिंडीतल्या बायकांचा एकच नियम: दिवे घाटात जे टाकून द्यावंसं वाटेल ते आळंदीतच ठेवा. मी हा नियम दहा वर्षं पाळला. गेल्या आषाढात मोडला. दोन लुगडी, हरिपाठ, गोळ्यांची पुडी आणि फडक्यात गुंडाळलेली एक चकती. पाव किलोहून जड, तळहाताएवढी, काळपट ब्राँझची. आमच्या माहेरी तिला ‘पितळी आई’ म्हणतात.

माहेर माझं सातारा जिल्ह्यातलं. देवघरात टाकांच्या रांगेत खंडोबा, भवानी, जोतिबा आणि शेवटी ही चकती. डोक्यावर टोप घातलेली, हातात त्रिशूळ धरलेली एक बाई, पुढे सिंह. लहानपणी मी हिला देवीच समजत होते आणि मला कुणी चूक म्हणालं नाही. नीट बघितलं तर तळाशी आणखी एक छोटा सिंह एका पक्ष्याला फाडतोय, कडेने इंग्रजी अक्षरं आहेत आणि बाईच्या हाराखाली चौकटीत आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव आहे. पद नाही, नंबर नाही, नुसतं नाव. ही बाई म्हणजे ब्रिटानिया, बाईच्या रूपातला ब्रिटन देश. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी इंग्रज सरकारने अशी एकेक चकती धाडली. कडेच्या अक्षरांचा अर्थ, हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते कोरायला जागा पुरली नसावी.

घरात त्यांना तात्या म्हणतात. आम्ही कुणीच त्यांना पाहिलं नाही, फोटो नाही, तरी तात्याच. ते 103 व्या मराठा पलटणीत होते, आजची जंगी पलटण. 1914 च्या नोव्हेंबरात पुण्याची सहावी डिव्हिजन इराकातल्या बसऱ्याला उतरली, तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. वर्षभर तैग्रिस नदीच्या काठाकाठाने त्या वर सरकत गेल्या. बगदादच्या अलीकडे सलमान पाक इथे तुर्कांच्या खंदकांवर चालून जाताना इतकी माणसं पडली की उरलेल्यांना मागे फिरावं लागलं. मागे येऊन कूट नावाच्या गावात शिरले आणि तिथेच तुर्कांच्या वेढ्यात अडकले. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. जवळपास पाच महिने नदीच्या वळणात, खंदकात, आणि शेवटी शरणागती.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. घरात जे सांगतात ते वेगळं आणि थोडकं आहे. कैदेतून सुटून परत आलेला शेजारच्या वाडीचा एक शिपाई आमच्या ओसरीवर बसून जे बोलला तेवढंच. मोर्च्यात पाणी शिरायचं. पाण्यात उभं राहून पहारा द्यायचा. भाकरी आधी अर्धी झाली, मग पाव, मग जवाच्या पिठाची मूठभर. आणि आभाळातून जातं पडलं.

हे जात्याचं ऐकून आम्ही पोरं हसायचो. म्हाताऱ्याने भुकेच्या भरात काहीतरी बघितलं असेल, असं आजोबाही म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की खरंच. वेढ्यात जव होता, पण दळायची सोय कमी पडत होती, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले होते. एप्रिलमध्ये पीठही टाकलं. काही नदीत पडलं, काही तुर्कांच्या मोर्च्यात. म्हातारा खोटं बोलला नव्हता. त्याची माफी मागायला तो राहिला नव्हता, एवढंच.

यंदा ‘पितळी आई’ला पंढरीला न्यायची म्हटल्यावर दादा बराच वेळ गप्प होता. दादा मराठा पलटणीतूनच हवालदार होऊन आला. बेळगावला घामाने भिजलेला, काश्मिरात गारठलेला माणूस. गुडघे गेलेत, नाहीतर तोच आला असता.

“न्हेतीस तर न्हे,” तो म्हणाला. “पण परत आण.”

पुण्यातून निघालो त्या पहाटे पुलगेटपाशी पिशवी पहिल्यांदा जड लागली. एका बाजूला कॅम्प, म्हणजे गोऱ्यांची जुनी छावणी, आणि रस्त्यावर आमचे टाळ. डिव्हिजन पुण्याची म्हणवायची. तात्या कधीतरी या बाजूने चालले असतील असं मनात आलं. चालले नसतीलही. मी त्या विचाराला फार चालू दिलं नाही, कारण पुढे दिवे घाट होता आणि टाचेला फोड यायला लागला होता.

घाटाचं वर्णन सगळेच करतात. मी फक्त सासवडच्या मुक्कामाचं सांगते. रात्री तंबूत पाय चेपत बसलो होतो. शेजारची माउली विचारायला लागली, पिशवीत एवढं काय जड? मी फडकं सोडून दाखवलं. तिने लगेच हात जोडले. मग मी सगळं सांगितलं आणि तिने एकच प्रश्न विचारला, “घोड्याचं खाल्लं का त्यांनी?” तिच्या गावात कुणीतरी कुटाचं सांगितलेलं असणार. कारण कुटात शेवटी तेच उरलं होतं. हिंदी शिपायांनी महिनोन्महिने घोड्याच्या मांसाला हात लावला नाही; इकडच्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत अडून बसले. आमच्या घरात माळ होती. तात्यांच्या गळ्यातही. ते एप्रिलमध्ये, शरणागतीच्या थोडं आधी मोर्च्यातच वारले. त्यांनी खाल्लं का, हे त्यांच्या बायकोने त्या शिपायाला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्यांची बायको म्हणजे आमची मोठी आई. माझ्या वडिलांना तिनेच वाढवलं. पत्रं बंद झाली तरी तिने कुंकू लावणं सोडलं नव्हतं. सरकारी कागद नक्की कधी आला यावर घरात एकमत नाही. चकती आली तेव्हा मात्र तिने कुंकू पुसलं आणि करंड्यात उरलेलं रोज त्या ब्राँझच्या बाईच्या कपाळी लावायला लागली. करंडा संपला, नवा आणला. तिच्या पश्चात माझी आजी लावायची, मग आई, आता वहिनी. त्यामुळे ब्रिटानियाच्या चेहऱ्यावर नाकडोळे राहिलेले नाहीत. लाल पुटाखाली एक गुळगुळीत उंचवटा आहे.

नीरा ओलांडली, दत्तघाटावर पादुकांना स्नान झालं आणि आम्ही सातारा जिल्ह्यात आलो. माझ्या जिल्ह्यात. इथे गावोगाव देवळाच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत एक पांढरी फरशी असते, इंग्रजीत लिहिलेली: या गावातून अमुक माणसं महायुद्धावर गेली, त्यांतली तमुक परतली नाहीत. अपशिंगे मिलिटरी गावाचा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे, एकट्या गावातले 46 परतले नाहीत. फरशीवर आकडे असतात, नावं नसतात. बसऱ्यातल्या मोठ्या स्मारकावरही तेच. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा 40 हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा.

लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. घोडा धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते, तिच्यात मीही होते. वाकले, माती घेतली, उठले. तरडगावात पोचून बसले तेव्हा पिशवी हलकी लागली. तळाची शिवण उसवली होती. गोळ्यांची पुडी अडकून राहिली होती, चकती नव्हती.

मी परत फिरले. दोन बायका बरोबर आल्या. चिखलात लाखो पावलं उमटलेली, त्यात काय सापडणार. दादाचा फोन आला तो मी उचलला नाही. त्या रात्री समाजआरतीला मी मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिले. ज्यांनी ही आरती पाहिली नाही त्यांना सांगते: सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो, चोपदार दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं शांत. इतकी माणसं आणि कुणी खोकतही नाही. मग सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू पुकारतात. त्या रात्री एक चष्मा, एक टाळ, दोन मोबाइल. चकती नाही.

फलटणला मुक्काम विमानतळावर असतो. माझं आरतीत लक्ष नव्हतं, दादाला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. दंड वर गेला. पुकारा सुरू झाला. एक छत्री. एक किल्ल्यांचा जुडगा. मग पुकारणारा थबकला.

“एक गोल धातूची मूर्ती... देवीची दिसते. सिंह आहे. वरती इंग्रजीत नाव आहे...”

त्याने नाव वाचलं. अडखळत, एकेक अक्षर लावत. इंग्रजांनी आधीच स्पेलिंगची वाट लावलेली, त्यात हा दिव्याच्या उजेडात वाचणार. आडनाव तर पार भलतंच झालं. त्याला वाटलं आपण चुकलो, म्हणून त्याने पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा बरं. “ज्यांचं असेल त्या माउलीने ओळख पटवून घेऊन जावं.”

सगळी दिंडी उभी होती. टाळ थांबलेले. तात्यांचं नाव त्या मैदानावरून गेलं, दोनदा. मला हात वर करायचं सुचलं नाही. शेजारणीने माझा दंड धरून वर केला.

ज्यांना ती सापडली ते परभणीकडचे एक म्हातारबाबा. ओळख पटवायला मी नाव सांगितलं, ते नीट, घरात म्हणतात तसं. ते हसले. “आसं हाय व्हय? मला वाटलं देवीचंच नाव आसंल इंग्रजीत.” मग चकती माझ्या हातात देताना जरा ओशाळले. “आई भवानी दिसली, म्हनून बुक्का लावला, माउली. चाललं ना?”

कुंकवाच्या पुटावर मधोमध काळं बोट उमटलं होतं.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. म्हणजे वारी झाली तशी झाली. खुडूसला पाऊस लागला, भंडीशेगावात मला ताप आला, एकादशीला कळसाचं दर्शन घेऊन समाधान मानलं. पौर्णिमेला मात्र काल्याला गोपाळपूरला गेले. तिथे जनाबाईचं जातं आहे. इतकी वर्षं मी ते बघत आले होते, बायका खुंटा धरून फिरवतात, पाया पडतात, पुढे सरकतात. यंदा माझी पाळी आली तेव्हा खुंट्याला हात लावला आणि ओसरीवरचा तो शिपाई आठवला. आभाळातून पडलेलं जातं कुणी फिरवलं असेल? पलटणीतले बाप्येच ना. जात्याला ज्यांनी घरी कधी हात लावला नव्हता ते खानदेशातले, कोकणातले, साताऱ्याचे गडी मांडी घालून जव भरडत बसले असतील आणि कुणाला तरी आईची ओवी अर्धीमुर्धी आठवली असेल. जातं रिकामं होतं, तरी घरघरलं. मागून बाई म्हणाली, “चला माउली, पुढं व्हा.”

माहेरी गेले तेव्हा दादा दारातच बसला होता. हरवल्याचं मी सांगितलं. तो काही बोलला नाही. चकती घेतली, उजेडाकडे धरली.

“ह्यो काळा डाग कसला?”

“बुक्का. परभणीकडच्या एका माउलीने लावला.”

त्याने अंगठा जवळ नेला, पण पुसला नाही. देवघरात जाऊन टाकांच्या रांगेत, होती तिथे ठेवली, आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं.