पुण्याहून जुन्या गोव्याला: सायबाच्या हातातला राजदंड

लष्कर भागातल्या आमच्या गोवेकर शेजारीणबाई दरवर्षी २४ नोव्हेंबरपासून सुरू होणारी संत फ्रान्सिस झेवियर यांची नोव्हेना, म्हणजे सणापूर्वीची नऊ दिवसांची प्रार्थना, कधी चुकवत नाहीत. बोलताना त्या या संताला ‘गोंयचो सायब’च म्हणतात. त्यांनी सांगितलेल्या एका कथेत छत्रपती संभाजी महाराजांचे नाव आले, आणि ते स्थळ स्वतः पाहावे म्हणून आम्ही पतिपत्नी त्यांच्याबरोबर जुन्या गोव्याला जाऊन आलो.

पुण्याहून रात्रीच्या बसने निघाल्यास सकाळी पणजी गाठता येते. पणजीहून जुने गोवे जेमतेम दहा किलोमीटरवर असून बस वरचेवर मिळतात. आम्ही रविवारी पोहोचलो, ही आमची चूक झाली. संताचा देह जिथे ठेवला आहे त्या बॉम जेझू चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चालू असताना नुसते पाहायला आलेल्यांनी आत फिरणे योग्य नसल्याने बराच वेळ बाहेर थांबावे लागले. शक्यतो इतर दिवशी, सकाळी लवकर जावे आणि खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे विकायला मांडलेले होते. ज्या अवयवाचे दुखणे असेल तो अवयव विकत घेऊन सायबाला वाहायचा. शेजारीणबाईंनी मेणाचा एक गुडघा निवडला, रुमालात गुंडाळून घेतला. विकणारी बाई “सायब आयकता” एवढेच म्हणाली, आणि नवस बोलणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी आज्या मला आठवल्या.

बॉम जेझू चर्चचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळातले. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारले. अस्थी लवकर नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरला होता. तरी काही आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा देह ताजा आढळला, अशी परंपरा आहे. १५५४ मध्ये तो गोव्यात आला आणि १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग रोमला नेला गेला. आज चांदीची पेटी उंच चौथऱ्यावर असल्याने खालून फारसे दिसत नाही. लहानशी दुर्बीण जवळ ठेवावी, कारण पेटीवरचे संताच्या आयुष्यातले प्रसंग पाहण्यासारखे आहेत. देह जवळून पाहायचा असेल, तर साधारण दहा वर्षांनी होणाऱ्या प्रदर्शनाची वाट पाहावी लागते. मागचे ५ जानेवारी २०२५ रोजी संपले.

आता ती कथा. नोव्हेंबर १६८३ मध्ये विजरई, म्हणजे गोव्याचा पोर्तुगीज राज्यपाल, कोंद द आल्व्होर याचा संभाजी महाराजांकडून फोंड्याच्या किल्ल्यासमोर पराभव झाला, आणि पाठोपाठ मराठ्यांनी रात्री ओहोटीच्या वेळी जुवे बेट काबीज केले. गोवे शहर हाताशी आले होते. हवालदिल झालेल्या विजरईने संताची पेटी उघडवून आपला राजदंड त्याच्या हाती ठेवला आणि राज्य आता तुम्हीच राखा, अशी विनवणी केली. पुढे मराठे परतले, ते औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याची मोगल फौज रामघाटाने कोकणात उतरली म्हणून. श्रद्धाळूंनी मात्र त्याचे श्रेय सायबाला दिले. त्याच मोहिमेत भरतीच्या पाण्यात घोडा पोहणीला लागला असता खंडो बल्लाळांनी महाराजांना वाचवले, असे आपल्याकडे सांगतात. एकाच खाडीच्या दोन्ही बाजूंना सायब आणि संभाजी महाराज ही जी दोन माणसे आपापल्या लोकांच्या आठवणीत राहिली, त्यांच्या कथा जवळजवळ ऐकाव्यात, असे मला मनापासून वाटते.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय (इन्क्विझिशन), म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारे न्यायालय, आणावे, असे १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिणारे झेवियरच होते, मात्र ते न्यायालय आले १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मी हे शेजारीणबाईंना विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “ते ठाऊक आहे मला. तरी आजारपणात आईने ज्याचे नाव घेतले, तोच माझा सायब.”

सणाच्या दिवशी, ३ डिसेंबरला, जायचे असेल तर पणजीतला मुक्काम बराच आधी ठरवावा, कारण त्या दिवशी दूरदूरहून लोक पायी चालत येतात. स्वतःचे वाहन असेल तर परतताना जुवे, म्हणजे आजचे सांत इस्तेव, अवश्य गाठावे. तिथल्या किल्ल्याच्या वाटेवर उन्हाचा त्रास होतो, म्हणून पाणी बरोबर घ्यावे आणि ओहोटीची वेळ विचारून निघावे. पाणी ओसरलेले पाहिल्यावरच त्या रात्री मावळे कसे आले असतील, ते नीट समजते.