परवडणारी ब्लेंडेड स्कॉच कशी पारखावी

ब्लेंडेड स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमधल्या माल्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या) आणि ग्रेन (मुख्यतः इतर धान्याच्या) व्हिस्कीचं मिश्रण. आधी लेबल वाचा. त्यावर 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' असं सलग लिहिलेलं हवं. 'स्कॉच माल्ट मिसळलेली' असं असेल तर ती स्कॉच नव्हे. तिच्यातलं बरंचसं स्पिरिट बहुधा इथलंच, उसाच्या मळीचं किंवा धान्याचं असतं. मात्र 'भारतात बाटलीबंद' एवढं पाहून नाक मुरडू नका. टीचर्स किंवा ब्लॅक अँड व्हाईट स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरते आणि इथं फक्त बाटलीत भरली जाते. ब्लेंडला हे चालतं. सिंगल माल्टला, म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या माल्टला, 2012 पासून नाही.

रंगावर जाऊ नका, नियमानं कॅरॅमल घालता येतं.

तोंडाशी निमुळता होणारा काचेचा ग्लास घ्या, 30 मिली ओता. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात खोलीतली बाटलीच कोमट असते, मग अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी काही कळत नाही. बाटली दहा मिनिटं गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा. फ्रीजमध्ये नको, वास मिटतो. आणि भडंग नंतर! लसूण-तिखटानं जीभ बधिर झाली की कुठलाही ब्लेंड सारखाच लागतो.

नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून काठावरूनच वास घ्या. मग पाणी. खरी परीक्षा इथंच होते. इथल्या बाटल्या बहुतेक 42.8 टक्के अल्कोहोलच्या असतात. 30 मिलीत दीड चमचा, म्हणजे साधारण 7 मिली पाणी घातलं की ती 35 टक्क्यांच्या आसपास येते. पाणी क्लोरीनचा वास नसलेलं हवं. बोअरचं जड पाणी तर नकोच. आता पुन्हा वास घ्या. चांगल्या ब्लेंडमध्ये सफरचंद, मध, भाजलेलं धान्य असं काहीतरी वर येतं. शेरीच्या (स्पॅनिश वाईनच्या) पिंपातला माल्ट असेल तर तासगावचा बेदाणा चटकन आठवतो. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास राहिला तर ग्रेन व्हिस्की कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बहुधा डिस्टिलेशनचा शेवटचा भाग जास्त घेतलेला असतो.

घोट तोंडात दहा सेकंद फिरवा. स्वस्त ब्लेंड सुरुवातीला गोडच लागतो, त्यावर भुलू नका; गिळल्यावर काय उरतं ते बघा. नुसती जळजळ किंवा लाकडाचा कडवटपणा उरला तर गुण कापा. पाण्यानं चवच विरली, तर माल्ट कमी पडलाय.

तुलना करायची तर दोन ग्लास शेजारी ठेवा आणि दुसऱ्याला नाव न सांगता ओतायला लावा. किमतीचा दबाव जिभेवर फार असतो.

शेवटी एक भाग व्हिस्कीला दोन भाग गार सोडा घालून बघा, कारण या किमतीतली बाटली बहुतेक घरी तशीच प्यायली जाते. टीचर्स इथं उजवी ठरते. तिच्यातल्या आर्डमोर डिस्टिलरीच्या माल्टचा पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा) धूर सोड्यातही टिकतो.