निवेदन छान आहे, पण हाउसकीपिंगवाल्याचं एटीएम कार्ड कुणाकडे आहे?

मुख्यालय लंडनला आणि खराडी, हिंजवडी किंवा ऐरोलीत हजारभर माणसांचं बॅक ऑफिस. ऑडिट, टॅक्स, सल्ला, कायदा अशा क्षेत्रांतल्या अनेक फर्म्सचा कारभार आज असाच चालतो. ब्रिटनमध्ये धंदा करणाऱ्या आणि जगभरातली वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येक संस्थेला तिथल्या २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टचं कलम ५४ लागू होतं. आपल्या कामात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी व मानवी तस्करी राहू नये म्हणून काय केलं, याचं निवेदन तिला दरवर्षी प्रसिद्ध करावं लागतं. कंपनी असेल तर संचालक मंडळाची मंजुरी आणि एका संचालकाची सही लागते. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल, आणि अशा बऱ्याच फर्म्स एलएलपीच असतात, तर सदस्यांची मंजुरी आणि एका डेझिग्नेटेड मेंबरची सही लागते. वेबसाइटच्या मुख्य पानावर लिंक ठळक दिसली पाहिजे. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या उलाढालीपासून लागू होतो. अहवालात कोणते मुद्दे असलेच पाहिजेत हेही तो सांगतो. ब्रिटनच्या कायद्यात मात्र ‘आम्ही काहीही पावलं उचलली नाहीत’ एवढं लिहिलं तरी कलमाची पूर्तता होते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की निवेदन वाचून कुठल्याही फर्मबद्दल मत बनवू नका. अशी बहुतेक निवेदनं एकाच वाक्याने सुरू होतात: आम्ही व्यावसायिक सेवा देतो, आमचे कर्मचारी उच्चशिक्षित आहेत, त्यामुळे आमच्याकडे जोखीम कमी आहे. फर्मच्या पगारपत्रकावरच्या माणसांपुरतं हे खरं आहे. त्याच इमारतीत रोज येणारी, पण त्या पत्रकावर नसलेली माणसं या वाक्यात कुठेच येत नाहीत. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, पँट्री, कँटीन, कॅबचे ड्रायव्हर, एसीची देखभाल करणारे, आणि मजला नव्याने सजवला जातो तेव्हा रात्री काम करणारे सुतार, रंगारी, फॉल्स सीलिंगवाले. फर्मचा करार असतो एका मोठ्या फॅसिलिटी कंपनीशी. ती हाउसकीपिंग दुसऱ्या एजन्सीला देते, ती एजन्सी माणसं तिसऱ्याकडून आणते. निवेदनातलं ‘सप्लायर असेसमेंट’ पहिल्या पायरीवरच थांबतं, कारण प्रश्नावली भरून देणारा तिथेच असतो.

शोध घ्यायचा तर सुरुवात फर्मच्या स्वतःच्या गेटवरून करावी. ॲक्सेस कार्ड सिस्टिममधून सगळ्या व्हेंडर बॅजची यादी काढायची आणि एजन्सीच्या नावानुसार लावायची. मग ती अकाउंट्सच्या व्हेंडर मास्टरशी, म्हणजे पुरवठादारांच्या यादीशी, ताडून पाहायची. बॅजवर नाव आहे पण अकाउंट्सला माहीतच नाही, अशा एजन्स्या सापडल्या की त्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या. व्हिजिटर पासवर आठवडेच्या आठवडे येणारी माणसं वेगळी काढायची. ही बहुतेक फिट-आउटची, म्हणजे मजला सजवण्याच्या कामाची असतात आणि सर्वांत जास्त धोका त्यांनाच असतो. ठेकेदार गावाकडून टोळी आणतो, उचल आधीच दिलेली असते, राहणं त्याच्याच पत्र्याच्या खोल्यांत, आणि हिशेब काम संपल्यावर. ऊसतोडीतला मुकादम आणि उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा साचा समजावून सांगायला नको. बांधकाम खर्चावरचा १ टक्का उपकर भरला म्हणजे कामगारांची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झाली, असं होत नाही. ती नोंदणी वेगळी तपासावी लागते.

आता कंत्राटाचा दर. गैरप्रकाराचं मूळ बहुतेक वेळा फर्मच्याच परचेस विभागाने घासून घासून खाली आणलेल्या दरात असतं, म्हणून मी इथे जरा थांबतो. समजा, एका पोस्टला, म्हणजे कामाच्या एका जागेला, लागू असलेलं किमान वेतन २६ दिवसांचं, ८ तासांच्या ड्यूटीचं, १४,००० रुपये आहे. (आकडा उदाहरणापुरता आहे, प्रत्यक्षात शासनाचा चालू दर घ्यावा.) त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, विमा आणि प्रशासकीय शुल्क धरून १३ टक्के, म्हणजे १,८२०. ईएसआय (कामगार राज्य विमा) ३.२५ टक्के, ४५५. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ६७३. बेरीज १८,११४. पोस्ट महिन्याचे ३० दिवस भरायची असेल तर उरलेल्या ४ दिवसांसाठी रिलिव्हर (बदली माणूस) लागतो, म्हणजे आणखी २,७८७. झाले २०,९०१. यात रजेचा पगार, गणवेश, साबण-फिनेल, कंत्राटदाराचा नफा आणि जीएसटी अजून आलेलाच नाही. तरीही कुणी १७,५०० चं कोटेशन देत असेल तर उरलेले पैसे कामगाराच्याच खिशातून जाणार, हे टेंडर उघडणाऱ्याला तेव्हाच दिसायला हवं. अशी कोटेशन्स ‘सर्वांत कमी दर’ म्हणून मंजूर न करता त्याच टेबलावर बाद करायला हवीत. शंभर प्रश्नावल्यांपेक्षा या एका नियमाचा उपयोग जास्त आहे.

बारा तासांच्या ड्यूटीचंही गणित करून पाहावं. जादा ४ तासांना दुप्पट दर, म्हणजे ८ तासांचा पगार. म्हणजे बारा तास उभ्या राहणाऱ्या गार्डचा कायदेशीर पगार आठ तासांच्या बरोबर दुप्पट निघतो. बिलावर ‘१२ तास’ आणि दर मात्र दीडपट, असं असेल तर उत्तर बिलातच आहे.

दोन गोष्टी करारात नसल्या तर चांगला कंत्राटदारही घसरतो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतो. तीन वर्षांचा दर गोठवला की दुसऱ्या वर्षापासून फरक कामगाराच्या अंगावर पडतो. भत्ता वाढला की दर आपोआप वाढेल, असं कलम हवंच. दुसरी गोष्ट पेमेंटची मुदत. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा आणि फर्म बिल चुकवणार ९० दिवसांनी, तर मधले तीन पगार लहान एजन्सी कुठून आणणार? ती सावकाराकडे जाते किंवा पगार लांबवते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. मनुष्यबळाच्या बिलांना मी १५ दिवसच ठेवीन.

मासिक बिलासोबत येणारी फाइल जाड असते, आणि जाडी पाहूनच ती पास होते. पाहायचं असतं ते असं. पीएफच्या ईसीआरमध्ये, म्हणजे मासिक विवरणपत्रात, प्रत्येक कामगाराचा यूएएन (पीएफचा कायमस्वरूपी क्रमांक), वेतन आणि ‘एनसीपी डेज’ हा रकाना असतो, म्हणजे ज्या दिवसांचा पगार नाही असे दिवस. मस्टरवर (हजेरीपटावर) २६ हजेऱ्या आणि ईसीआरमध्ये १२ एनसीपी दिवस असतील तर हजेरी कागदावर कापली गेली आहे. पण मस्टरही कंत्राटदाराचंच असतं. फर्मच्या हातातला स्वतंत्र पुरावा म्हणजे गेटचा पंच. म्हणून दहा-बारा नावं आपण निवडायची आणि त्या महिन्याचे पंच, मस्टर, वेतनपत्रक, बँकेची ट्रान्स्फर यादी आणि ईसीआर अशा पाच ठिकाणी शोधायची. नावं कंत्राटदाराला निवडू द्यायची नाहीत. पीएफ भरल्याचं एकच चलन तीन ग्राहकांना दाखवण्याची युक्ती जुनी आहे. चलनातली कामगारसंख्या आपल्या साइटच्या कितीतरी पट असेल तर आपल्या माणसांची वेगळी यादी मागायची. ट्रान्स्फर यादीत चार नावांपुढे एकच खातं किंवा एकच मोबाइल नंबर दिसला की तिथेच थांबायचं.

कागद सगळे बरोबर असूनही माणूस अडकलेला असू शकतो. पगार खात्यात पूर्ण येतो आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर एटीएममधून तीन हजार काढून घेतो, कारण कार्ड आणि पिन त्याच्याकडे. हे कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची ११ लक्षणं दिली आहेत. कागदपत्रं अडकवणं, पगार रोखणं, कर्जात बांधणं, फसवणूक, धमकी, हालचालींवर बंधन ही त्यांतली. यांतली बरीच लक्षणं फक्त बोलण्यातून कळतात. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही साहेब’ असंच येणार. प्रश्न साधे आणि नेमके हवेत: कामाला लावताना कुणाला किती दिले? गणवेशाचं डिपॉझिट कापलं का? दहावीचं मूळ सर्टिफिकेट, आधार कुठे आहे? एटीएम कार्ड आता खिशात आहे का? उद्या गावी जायचं म्हटलं तर काय होईल? सुपरवायझर आसपास नसावा आणि कॅबिनमध्ये बोलावून घेऊ नये. बायकांशी बाईने बोलावं. कामगार बिहार, ओडिशा किंवा नेपाळचा असेल तर त्याची भाषा बोलणारं माणूस सोबत हवं. तक्रारीसाठीची ‘हॉटलाइन’ इंग्रजी ईमेलवर असेल तर ती त्यांच्यासाठी नाहीच. फोन नंबर मराठीत आणि हिंदीत, कामगारांच्या चेंजिंग रूममध्ये लावलेला हवा.

काही सापडलं तर फर्म्सची पहिली हालचाल असते करार तत्काळ रद्द करण्याची. ती चूक आहे. करार गेला की सगळ्यांत आधी त्याच माणसांची नोकरी जाते आणि अडकलेला पैसाही बुडतो. आधी थकबाकी वसूल करून कामगाराच्या हातात द्यायची, कागदपत्रं परत मिळवायची, भरतीसाठी घेतलेले पैसे परत करायला लावायचे, आणि मगच कंत्राटदाराचं काय ते ठरवायचं. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे इथे फर्मवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या श्रमसंहितांमध्येही आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालचं सक्तीचं श्रम ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सांगितलं आहे. प्रकरण उचलीत बांधून ठेवण्याचं असेल तर ते ‘आपसात मिटवायचं’ नसतं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. मुक्तता प्रमाणपत्राला तिथे महत्त्व आहे, पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून असते. या कायद्याने ते कर्जच रद्द होतं, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते. मूल सापडलं तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करायचा.

फर्मच्या स्वतःच्या एचआरकडेही बघायला हवं. नव्या मुलांची मूळ गुणपत्रकं ‘व्हेरिफिकेशन’साठी घेऊन दोन वर्षं कपाटात ठेवणं आणि वर बाँडची रक्कम लिहून घेणं, ही पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते. मार्चमध्ये रात्री उशिरापर्यंत थांबावं लागणं म्हणजे गुलामगिरी नव्हे, आणि तसं म्हणण्याने खऱ्या पीडितांचं नुकसान होतं. पण मूळ कागद अडकवून ठेवणं हे त्या ११ लक्षणांपैकी एक आहे. कागद पाहून त्याच दिवशी परत द्यावेत.

फर्मकडे आणखी एक गोष्ट असते, जी कापड गिरणीकडे नसते: तिची माणसं इतरांच्या वह्या उघडतात. ऑडिटला गेलेल्या आर्टिकलला (सीएच्या शिकाऊ उमेदवाराला) पगारपत्रकात एकाच खात्यावर जाणारे वीस पगार दिसतात, मजुरांच्या नावावरची आगाऊ रक्कम वर्षानुवर्षं न फिटता वाढत गेलेली दिसते. ते कुणाला सांगायचं हे त्याला ठाऊक नसतं. प्रशिक्षण द्यायचं तर हे द्यावं, नमुन्याचं पगारपत्रक समोर ठेवून. पंधरा मिनिटांची क्लिक करत जायची स्लाइड पुरत नाही. परदेशी भरती करणारा एजंट ग्राहक म्हणून आला तर एमिग्रेशन ॲक्टखालची त्याची नोंदणी पाहावी आणि उमेदवाराकडून किती घेतो ते विचारावं. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. त्याच्या जमेत माणशी लाख-दीड लाख दिसत असतील तर ते काम घेऊ नये.

आणि शेवटी निवेदनातल्या आकड्यांबद्दल. ‘या वर्षी शून्य तक्रारी’ हा आकडा छापू नये. किती कामगारांशी सुपरवायझरशिवाय बोललो, किती जणांची थकबाकी निघाली, किती रुपये परत मिळाले, दर कमी म्हणून किती कोटेशन्स बाद केली, आणि मनुष्यबळाची बिलं सरासरी किती दिवसांत चुकवली, एवढे पाच आकडे छापावेत. यातला शेवटचा फर्मच्या अकाउंट्सकडे आजही तयार असतो.